आत्या, मला हेल काढता आला नाही

आत्या, गावात तुमच्या सुनेचं नाव खराब झालंय. आधी फार चांगलं होतं अशातला भाग नाही, पण आता पार मातीत गेलं. तुमचं तेरावं उरकलं, पाहुणे वाटेला लागले, मांडववाला बांबू आणि ताडपत्री टेम्पोत टाकून घेऊन गेला, आणि मागं उरलं ते एकच बोलणं. नळावर तेच, गिरणीत तेच, एसटीच्या थांब्यावरही तेच. "सासू एवढी देवमाणूस, पर सून काय रडली न्हाई हो."

देवमाणूस! हे ऐकायला तुम्ही पाहिजे होतात. ज्या बाया तुमच्या तोंडाच्या धाकानं आपल्या परसातली वाट सोडून लांबून जायच्या, त्या आता तुम्हाला देवमाणूस म्हणतात. पण पुढचं बोलणं खरं आहे. मी रडले नाही. तुम्हाला शब्द दिला होता, तरी रडले नाही.

पुण्यात मी हसवायचं शिकायला जाते, त्या क्लासमधल्या पोरांना हे सांगितलं तर कळायचं नाही. त्यांच्याकडं माणूस गेलं की लोक येतात, हळू आवाजात बोलतात, हात जोडतात आणि निघतात. आपल्या हिर्डोशीला तसं भागत नाही. पाहुण्यांची जीप वळणावर दिसली की घरातल्या बायांनी हेल काढायचा. सुरात, मोठ्यानं, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याच्या एकेक गोष्टी आठवत रडायचं. आलेल्या बाया तिकडून रडत येणार, आपण इकडून, मधे गळ्यात गळा. ती जीप निवते न निवते तोवर दुसरी, की पुन्हा पहिल्यापासून. आणि सासू गेली असेल तर पहिला हेल सुनेचा. तो तिनं काढला नाही तर बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून बसून राहतात आणि बघतात. नुसत्या बघतात.

तुम्ही तर या कामातल्या. तुमचा हात धरील अशी बाई वरंधा घाटापर्यंत नव्हती. नात्यात कुठं मयत झाली की निरोप यायचा, आधी आत्याबाईंना घेऊन या. तुम्ही गावाच्या शिवेपासून सुरू व्हायचात. घर दिसेपर्यंत हळू, घर दिसलं की वर, आणि उंबऱ्यात पाय ठेवताना असा काही हेल, की ओट्यावर कोरडे बसलेले पुरुषसुद्धा उपरणं शोधायला लागायचे. मामा गेले, तुमचं कुंकू गेलं, तेव्हा मी या घरात नवीन होते. तुम्ही रडता रडता एकदम थांबलात आणि साध्या आवाजात मला विचारलंत, "म्हशीला पाणी दावलं का गं?" मी मान हलवली. तुम्ही जिथं सूर सोडला होता तिथूनच तो पुन्हा उचललात. मी बघतच राहिले. पुढं कधीतरी धीर करून विचारलं, की आत्या, हे खोटं नाही का वाटत? तर तुम्ही म्हणालात, "खोटं कशापायी? रोज भाकरी थापते, तवा दर येळी मलाच भूक असती व्हय? खाणाऱ्याला असती."

आणि माझं काय? घरात माझी जीभ अशी चालायची की आपली दोघींची जुंपली की हे, म्हणजे तुमचे चिरंजीव, पायात चपला अडकवून गुमान खाचराकडं निघून जायचे. मीठ जास्त झालं यावरून आपण दुपार काढलेली आहे. पण उंबऱ्याबाहेर पाय टाकला, चार माणसं समोर आली, की माझी दातखीळ बसायची. आशाताई म्हणून काम करायला लागले, घरोघरी जाऊन बाळंतिणींना सांगणं जमायचं, पण भोरला मीटिंगमध्ये उभं राहून नाव-गाव सांगा म्हटलं की मी उभी राहायची आणि तशीच खाली बसायची. माहेरीही तेच. वेल्ह्याला शाळेत असताना भाषणाला उभी राहिले, 'आदरणीय' म्हटलं आणि रडायला लागले, ते अजून माहेरचे लोक मला 'आदरणीय' म्हणून हाक मारतात.

हे सगळं ठाऊक असून प्रणालीनं, तुमच्या लाडक्या नातीनं, मला त्या क्लासला घातलं. पुण्यात नर्सिंगला गेली आणि आईला सुधारायला निघाली. स्टँडअप कॉमेडी. एकट्यानं माइक घेऊन उभं राहायचं आणि समोरच्यांना हसवायचं. ना पेटी, ना ढोलकी, ना सोबतीला कुणी. फडफडत्या कबुतरांच्या त्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कॉफीचं दुकान, तिथं दर रविवारी. मी म्हटलं, मरेन पण जाणार नाही. प्रणाली म्हणाली, "आई, तुला लोकांची भीती वाटते ना? मग सगळ्यात जास्त भीती वाटेल तेच कर. बाकीचं आपोआप सोपं होईल." एवढं शहाणपण पोरीनं कुठून आणलं देव जाणे. तुमच्याकडून तर नक्की नाही.

तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही चुलीपुढं होतात. "हसवायचा किलास?" म्हणालात. "आन त्याला पुण्याला जायचं? हितं काय कमी हसू करून घेतलंस?" दोन दिवस तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगून हसत होतात. पण पहिल्या रविवारी मी उठले तर धार काढून झालेली, भाकऱ्या टोपलीत, आणि तुम्ही पदर खोचून दारात. थांब्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आलात. गाडीत भोरपर्यंतची ओळखीची माणसं होती, त्यांना मी काही बोलायच्या आत तुम्हीच खिडकीतून ओरडून सांगितलंत, "सून सरकारी ट्रेनिंगला चाललीया!" ते सरकारी ट्रेनिंग शेवटपर्यंत चाललं. अजून काही लोकांना वाटतं की मी सरकारी खर्चानं विनोद शिकले.

पहिल्यांदा लोकांसमोर उभं राहायची पाळी आली तो दिवस मात्र काळा. क्लासचे सर म्हणजे गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेला पोरगा, पण मी त्याला सरच म्हणायची. त्यानं माझं नाव पुकारलं. मी गेले, माइक धरला, नमस्कार म्हटलं. पुढं काहीच नाही. पाठ केलेलं सगळं धुऊन गेलं. समोर ती कॉलेजची पोरं कॉफीचे कप धरून माझ्याकडं बघतायत. शेवटी मी म्हणाले, "माझी एसटी आहे," आणि पिशवी उचलून सरळ जिना उतरले. एसटी खरंच होती, पण तिला अजून चिक्कार वेळ होता. स्वारगेटला बाकड्यावर बसून राहिले.

घरी आले तर तुम्ही वाटच बघत होतात. "बोललीस का?" मी म्हटलं, नाही. "मंग एवढ्या लांब जाऊन नुस्तं वारं खाऊन आलीस व्हय?" मला वाटलं आता तुम्ही आठवडाभर सोलणार. पण तुम्ही ताट वाढलंत, समोर बसलात आणि म्हणालात, "माझी सासू गेली, तवा माझ्या बी तोंडातनं शबूद फुटला न्हवता." मी म्हटलं, तुमच्या? तुमच्या तोंडातून? तुम्ही म्हणालात, "मंग काय सांगते. सगळा गाव माझ्या तोंडाकडं बघतुया, आन मला काय सुचंना." मी हळहळून विचारलं, इतकं दुःख झालं होतं का? तुम्ही इकडंतिकडं बघितलंत, आवाज खाली घेतलात आणि म्हणालात, "न्हाई गं. आनंदच लई झालता."

आत्या, त्या दिवशी आपण दोघी इतक्या हसलो की ह्यांनी बाहेरून विचारलं, काय झालं. मला तुमच्याबरोबर हसल्याचं त्याआधीचं काही आठवत नाही. भांडल्याचं सगळं आठवतं.

पुढच्या रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "काकू, पाठ केलेलं राहू द्या. घरात तुम्हाला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो, तेवढं सांगा." मग काय! धरणाचे दरवाजे उघडले. तुम्ही सकाळी कशा खाकरता, म्हणजे अख्ख्या वाडीला कळावं की सून अजून उठली नाही. मी भाजी केली की तुम्ही एक घास घेऊन कशा देवाकडं बघता. मोबाईल वाजला की 'हॅलो' म्हणायच्या आधी फोनवरच्याला कशा दटावता, "कोन हाय? का केलाय?" मी तुमचा आवाज काढत होते, तुमच्यासारखी कंबरेवर हात ठेवून उभी होते, आणि पोरं खुर्च्यांवर लोळत होती. माझ्या लक्षातच आलं नाही की मी लोकांसमोर उभी आहे. कारण मी उभी नव्हतेच, तुम्ही होतात. तुम्हाला कुठं कुणाची भीती वाटते!

प्रणालीनं त्याचा व्हिडिओ काढला आणि दिवाळीच्या सुट्टीत येऊन, मी नको नको म्हणत असताना, तुम्हाला दाखवला. तुम्ही मोबाईल नाकाला लावून सगळा बघितलात. हसला नाहीत. मोबाईल खाली ठेवलात आणि ओट्यावर पाठ करून जाऊन बसलात. जेवायला आला नाहीत. मी ताट घेऊन आले तर म्हणालात, "माझा आवाज एवढा घोगरा हाय?" मी म्हटलं, आहे. "आन मी अशी खाकरते?" मी म्हटलं, अशीच. "ती पोरं कुनाला हसली गं? तुला का मला?"

खोटं बोलले असते तर तुम्हाला लगेच कळलं असतं. मी म्हटलं, "आत्या, मी एकटी उभी राहिले तेव्हा कुणी हसलं नाही. तुम्ही आलात तेव्हा हसले." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. एवढंच.

दुसऱ्या दिवशी भात झोडताना तुम्ही सौदा टाकलात. मान वर न करता, पेंढी आपटत म्हणालात, "हे बघ. माझ्यावर हसवायचं तर हसव. माझी ना न्हाई. पर मी गेल्याव रडायचं बी तूच. मला लेक न्हाई. माझ्या मयतीला ती हौसा हेल काढणार, आन तिचा आवाज कसा हाय, तुला ठावं हाय. असा काढायचा, धरणापल्याड ऐकू गेला पायजे. साऱ्या मुलखासाठी मी रडले. माझ्यापायी नीट रडणारं एक तरी माणूस पायजे का नको?" हौसा म्हणजे आपली शेजारीण, माझी चुलत जाऊ. मी हसत म्हटलं, अहो, तुम्ही कुठं निघालात लगेच? तुम्ही पेंढी खाली ठेवलीत. "शबूद दे." मी दिला.

तुम्ही ते किती मनापासून मागत होतात हे तेव्हा मला कळलं. उगाच दरारा दाखवणारी बाई एवढ्या एका गोष्टीला घाबरत होती, की आपल्या वेळी घर गप्प राहील.

त्यानंतर तुम्ही माझ्या धंद्यात जे लक्ष घातलंत! मी काय सांगणार ते आधी तुमच्यापुढं म्हणून दाखवायचं. तुम्ही दाणे निवडत ऐकायचात. सर म्हणायचे, काकू, बारीकसारीक सांगा, त्यात गंमत असते. तुमचंही तेच होतं. "नुस्तं 'गेली गं गेली' म्हणून कुनाला रडू येत न्हाई. तिची वस्तू सांगायची. तिची चप्पल सांगायची. मंग येतं." इथवर ठीक होतं. पण मग तुमच्या सूचना! नऊवारी नेसून जा. आधी गणपतीचं नाव घे. हसायची जागा आली की लोकांना सांग, आता हसा, त्यांना काय कळतंय? आणि शेवटी काहीतरी चांगलं सांग बाई, दारू सोडा, पोरी शिकवा, नुस्तं हसवून कुठं घरी धाडायचं असतं का. या शेवटच्यावरून आपलं इतकं वाजलं की मी एकदा रागानं पोलिओच्या डोसची माहिती सांगून कार्यक्रम संपवला. सरांना वाटलं तोही विनोदच आहे.

मग भोरचं ठरलं. बचत गटांच्या बायांचा मेळावा, मोठा हॉल. मेळाव्याच्या देशपांडे मॅडमचा फोन आला, त्या शाळेतून रिटायर झालेल्या, बोलणं अगदी स्वच्छ. "तुम्ही आमच्या तालुक्याच्या आहात आणि पुण्यात कार्यक्रम करता, मग आपल्याच बायकांना का नाही?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं. भोरला सगळ्या माझ्याच. तुम्ही मात्र लगेच ठरवलंत, मी येणार, पुढच्या खुर्चीत बसणार, ज्या बाईवर हसायचंय ती लोकांना दिसू दे की. मोरपंखी लुगडं काढून उन्हात घातलंत. मला कधी समोर बसून बघितलं नव्हतं तुम्ही. मोबाईलमध्ये तेवढं.

आणि मग त्या दुपारी जेवून उन्हाला बसलात त्या बसलातच. मी भांडी घासून आले, हाक मारली, मान कलली होती. डॉक्टर आले तेही नुसतं सांगायला आले. काहीही दुखलं नाही, कुणाला त्रास दिला नाहीत. आयुष्यभर ज्याला-त्याला कामाला लावणारी बाई अशी न सांगता गेली, याचा मला इतका राग आला की काय सांगू. अजून आहे.

बाया जमल्या. तुम्हाला आत घेतलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं आणि दातखीळ बसली.

तीच ती. वेल्ह्याच्या शाळेतली, भोरच्या मीटिंगमधली, पुण्याच्या जिन्यावरची. पहिली जीप आली, तुमची भाची रडत माझ्या गळ्यात पडली, मी तिला धरून उभी. खांबासारखी. दुसरी जीप आली. तिसरी. शेवटी हौसावहिनीनं हेल काढला, आणि आत्या, तुम्ही म्हणत होतात ते खरं आहे, त्या आवाजाला म्हशी बुजल्या. मी चहा टाकत राहिले. फोन करत राहिले. सतरंज्या, पाणी, गुरुजी, सगळं बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "स्टेजवर लई दात काढती, हितं टिपूस न्हाई." मी ते ऐकलं आणि दुधाचं पातेलं उतरवलं.

दहाव्याला नदीवर नाही, तेराव्याला नाही. हे एकदा माझ्याजवळ येऊन बसले, त्यांचे डोळे सुजलेले, म्हणाले, "अगं, आईशी तुझं पटत नव्हतं, माहीत आहे मला. कुणी काही म्हणू दे." हे मला सगळ्यात जास्त लागलं. पटत नव्हतं! ज्या बाईशी बोलल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता, तिच्याशी माझं पटत नव्हतं म्हणे. पण मलाही शंका आली, आत्या. वाटलं, खरंच कोरडी निघाले का मी? तुम्ही माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती.

देशपांडे मॅडमचा फोन आला, "नाही आलात तरी आम्ही समजू शकतो." मी नाहीच म्हणणार होते. गावाला तर बोलायला आणखी एक मिळालं असतं, सासूचं तेरावं उरकलं आणि ही चालली हसवायला. पण त्या दिवसांत घरात मला तुमचा आवाज ऐकू येईना. आठवायला गेले की नुसते शब्द यायचे, आवाज नाही. तो फक्त एका ठिकाणी माझ्या गळ्यात येतो, हे मला माहीत होतं. मी ह्यांना म्हटलं, मी जाणार. ते म्हणाले, "मग मी सोडतो." माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

हॉल गच्च भरलेला. हिर्डोशीच्या बाया होत्या, शिवऱ्याच्या होत्या, पार वेल्ह्याकडच्याही होत्या. निम्म्यांना तुम्ही गेल्याचं माहीत होतं, त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. पुढच्या एका खुर्चीत वेल्ह्याकडची एक म्हातारी, डोक्यावरून पदर, हातात काठी, मी कधी न बघितलेली. मी माइक धरला. नमस्कार म्हटलं. आणि तुमची ती गोष्ट सुरू केली, तुम्ही मला रडायला शिकवलंत ती.

"आमच्या आत्यांनी मला सांगितलं, मी मेले की तू रडायचं. मी म्हटलं, शिकवा मग. त्या म्हणाल्या, काढ हेल. आता समोर सासू धडधाकट उभी, सून रडेल कशी? आत्या म्हणाल्या, थांब, मी मरते. वाकळ अंथरली, पाय दक्षिणेला केले, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. 'हं. मेले. चल.' मला हसू आलं. आत्यांनी एक डोळा उघडला. 'मयताला हसतीस व्हय गं?' आणि पुन्हा मेल्या. मी म्हटलं, नाकात कापूस घालू का? म्हणाल्या, 'घाल की. अर्धवट काम मला आवडत न्हाई.'"

हातांच्या घड्या सुटल्या, आत्या. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. तुम्ही आलात, माझ्या गळ्यात येऊन उभ्या राहिलात, घोगऱ्या आवाजासकट. पुढं हेल यायचा होता. पुण्यात मी तो खोटाच काढायची, नाक चोंदल्यासारखा, उगाच वर चढवून. तसाच काढायला तोंड उघडलं.

"अवो माझ्या आत्याऽऽ," म्हटलं, आणि सूर सुटला. मी सोडला नाही, तोच सुटला. "तुमचा चष्मा कुनाच्या डोळ्याला लावू होऽऽ... तुमच्या वाट्याची भाकरी टोपलीखाली झाकलीया होऽऽ... मोबाईल वाजतुया, आता 'का केलाय' म्हणून कोन इचारंल होऽऽ..." मोबाईलला काही बाया हसल्या. त्यांना वाटलं, काय हुबेहूब काढते. मग हसू थांबलं. "मोरपंखी लुगडं उन्हात तसंच ऱ्हायलं होऽऽ... आता भांडायला कुनाच्या दारात जाऊ, आत्याऽऽ..."

मला थांबता येईना. माइक हातात, डोळ्यांचं पाणी गळ्यापर्यंत, आणि मी भर स्टेजवर उभी राहून सगळा हेल काढला, पहिल्यापासून, शिवेपासून उंबऱ्यापर्यंत. ती वेल्ह्याची म्हातारी काठी टेकत वर आली. तिनं मला गळ्याशी धरलं आणि स्वतःच्या बहिणीच्या नावानं हेल काढला. मग खालून एक, मग दुसरी. ज्या हिर्डोशीच्या बायांनी मला कोरडी ठरवली होती, त्याही. देशपांडे मॅडम सत्काराची शाल आणि नारळ घेऊन बाजूला उभ्या होत्या, त्यांना काय करावं कळेना, आणि मग त्या शालीनंच डोळे पुसायला लागल्या. धरणापल्याडचं मला माहीत नाही, आत्या, पण माइक चालू होता, भोरच्या एसटी स्टँडवर नक्की ऐकू गेलं असेल.

हळूहळू सगळ्या निवल्या. कुणी पाणी दिलं. मला वाटलं, झालं, आता खाली उतरायचं. तर त्या म्हातारीनं माझा हात सोडला नाही. नाक ओढून म्हणाली, "पर मंग पुढं काय झालं? ती मेल्याचं सोंग घेऊन पडली हाय न्हवं का अजून?"

इथं आपलं भांडण होतं. त्या दिवशी माझा आवाज ऐकून हौसावहिनी खरंच समजून रडत दारात आली, तुम्ही ताडकन उठून बसलात, ती किंचाळली, इथवर आपलं जमायचं. पण उठल्यावर तुम्ही काय बोललात? मी पुण्यात सांगायची, आत्या हौसावहिनीला म्हणाल्या, आलीच आहेस तर चहा घेऊन जा. पोरं हसायची. तुम्ही दर वेळी चिडायचात. "म्या च्याचं नाव काढलं न्हवतं. तुला जे बोलले ते सांग की." मी म्हणायची, त्याला कुणी हसणार नाही. तुम्ही म्हणायचात, सांगून तर बघ. बघितलं नाही. ते भांडण मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात.

मी माइक पुन्हा तोंडाशी धरला. हौसावहिनीला दारात आणली. तुम्हाला वाकळेवर उठवून बसवलं, नाकातला कापूस काढला. आणि तुम्ही त्या दिवशी माझ्याकडं बघून जे म्हणाला होतात, तेच तुमच्या आवाजात म्हटलं.

"सूर बरा हाय गं. पर डोळ्यात एक टिपूस न्हाई. एवढी का मी वाईट हाय?"

रडून माझी चोळी पुढून भिजली होती. म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आधी तीच हसली. मग अख्खा हॉल. आत्या, चहापेक्षा लई मोठं हसू आलं.